झाकण उघडणारी माणसे

वकिलाचा यंत्राशी संबंध येतो तो बहुधा ते बिघडल्यानंतर. यंत्राने कुणाचा हात कापला, यंत्राचे पैसे कुणी थकविले, किंवा विकणाऱ्याने सांगितले एक आणि दिले दुसरेच, की ते यंत्र कागदांच्या रूपाने आमच्या टेबलावर येऊन बसते. ते चालते कसे, हे विचारण्याचे आम्हांस कारण पडत नाही. त्यासाठी तज्ज्ञ साक्षीदार बोलाविता येतो. असे असूनही गेली काही वर्षे महिन्यातील दोन रविवार मी अशा मंडळींत जाऊन बसतो, की ज्यांना यंत्र बिघडण्याची वाट पाहण्याइतका धीर नसतो. चांगले चालणारे यंत्रही ती उघडून पाहतात.

बडोद्याच्या जुन्या वस्तीत, एका दुकानावरच्या माडीवर ही मंडळी जमतात. दोन लांब टेबले, चार-पाच जुने संगणक, स्क्रू आणि सुट्या भागांनी भरलेले बिस्किटांचे डबे, आणि खिडकीपाशी सोल्डरिंगचे सामान, कारण राळेचा धूर बाहेर जावा लागतो. सर्वांत लहान सभासद दहा वर्षांची आहे आणि सर्वांत वडील गृहस्थांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. मध्ये महाविद्यालयीन मुले आहेत, एक शिंपीकाम करणारे गृहस्थ आहेत, दोन गृहिणी आहेत आणि शाळेतून निवृत्त झालेल्या एक मराठीच्या बाई आहेत. कुणी नव्या प्रणालीला न पेलणारा जुना संगणक घेऊन येतो आणि त्यावर लिनक्स चढवून तो पुन्हा चालता करून नेतो. कुणी आर्डुइनोच्या पाटीवर कुंडीतील मातीचा ओलावा मोजतो. कुणी नुसताच बसून पाहतो, आणि त्याला कुणी उठवीत नाही.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. गुजरातीत दादा म्हणजे आजोबा. मराठीत दादा म्हणजे थोरला भाऊ. ती दहा वर्षांची गुजराती मुलगी आमच्या वयोवृद्ध मराठी सभासदांना 'दादा' म्हणते, आणि ते म्हणतात, "या माडीवर आलो की माझे वय साठ वर्षांनी उतरते." त्यांचे आयुष्य रेल्वेच्या नोकरीत गेले आणि फुरसतीचा वेळ व्हॉल्वचे रेडिओ दुरुस्त करण्यात गेला. एका रविवारी तिने स्वतः जोडलेला एलईडी लागेना. त्यांनी तो हातातही घेतला नाही; आधी हिशेब मागितला. पुरवठा पाच व्होल्टचा, तांबडा दिवा सुमारे दोन व्होल्ट घेतो, उरले तीन. रेझिस्टर २२० ओहमचा. म्हणजे प्रवाह सुमारे १४ मिलिअँपियर, दिव्याला सोसेल इतका. हिशेब बरोबर होता. मग ते म्हणाले, "आता जोड बघ. डाख चकाकतो आहे का?" डाख मळकट आणि दाणेदार दिसत होता, जोड कच्चा राहिला होता. तिने तो पुन्हा तापवून दिला आणि दिवा लागला. त्यानंतर तो दिवा मिचकावण्याची आज्ञावली कशी लिहावयाची, हे तिने त्यांना शिकविले. "थांबायला सांगितलेच नाही, तर हा थांबणार केव्हा?" असे त्यांनी विचारले, आणि आज्ञांचे आवर्तन म्हणजे काय हे त्या प्रश्नातून मलाही कळले. गुरू कोण आणि शिष्य कोण याचा निवाडा त्या टेबलावर तासातासाला बदलतो.

अशा मेळाव्यांची परंपरा फार जुनी नाही, पण तिला इतिहास आहे. ५ मार्च १९७५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क या गावी गॉर्डन फ्रेंच यांच्या मोटारीच्या गॅरेजमध्ये तीसएक हौशी माणसे जमली. अल्टेअर ८८०० नावाचा, सुट्या भागांतून घरी जोडता येणारा संगणक नुकताच बाजारात आला होता, आणि तो सर्वांना पाहावयाचा होता. पुढे हा मेळावा 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' म्हणून प्रसिद्धीस आला. त्यात येणाऱ्या स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी आपल्या संगणकाचे आराखडे तेथील मंडळींना मुक्तहस्ते वाटले. तोच पुढे ॲपलचा पहिला संगणक झाला. परंतु याच मंडळींत अल्टेअरसाठी लिहिलेल्या बेसिक भाषेच्या कागदी फितीही नकलून वाटल्या जात होत्या. त्या आज्ञावलीच्या कर्त्यांपैकी एक, तरुण बिल गेट्स यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये हौशी मंडळींना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. आमची आज्ञावली वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती विकत घेतली आहे, आणि फुकट काम कोण करील, असा त्यातील वादाचा आशय होता.

वकील या नात्याने मला वाटते की त्या पत्रातील तक्रार खोटी नव्हती. ज्याने श्रम केले त्याचा मोबदला चोरून इतरांनी उदार व्हावे, ही उदारता नव्हे. परंतु त्या पत्रातील प्रश्नाला पुढे जे उत्तर मिळाले ते मात्र मोठे विलक्षण होते. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये त्यांचा सार्वजनिक परवाना निघाला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतील लिनस टॉर्व्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण केवळ हौसेखातर एक प्रणाली लिहीत आहो, मोठे काही करण्याचा विचार नाही, अशा अर्थाचा मजकूर प्रसिद्ध केला. आणि १९९२ मध्ये त्याने ती प्रणाली त्याच सार्वजनिक परवान्याखाली आणली. फुकट काम करणारे भेटले, आणि ते हजारोंनी भेटले. चोरी करावी लागली नाही, कारण मालकाने स्वतःच दार उघडे ठेविले होते.

त्या परवान्याचा मसुदा मी व्यवसायाच्या दृष्टीने वाचला आहे, आणि मसुदा लिहिणाऱ्याविषयी मला आदर वाटतो. तो लेखाधिकार सोडून देत नाही. उलट त्याच्याच बळावर उभा राहतो. आज्ञावली चालवा, तिचा अभ्यास करून ती बदला, ती दुसऱ्यास द्या, बदललेलीही द्या; मात्र ज्याला द्याल त्याला हेच सारे हक्क मिळाले पाहिजेत. गावची विहीर ज्याने खणली त्याने ती सर्वांना मोकळी करावी, पण तिच्या पाण्यावर पुढे कुणी आपली चौकी बसवू नये म्हणून जमिनीची मालकी मात्र आपल्या नावे राखावी, तसा हा प्रकार आहे. आपल्याकडेही कायदा या बाबतीत अगदीच अनुदार नाही. १९५७ च्या लेखाधिकार कायद्यात आज्ञावलीची गणना साहित्यकृतीत होते, ही गोष्ट साहित्यिकांना चमत्कारिक वाटेल. परंतु त्याच कायद्याचे ५२ वे कलम कायदेशीर रीतीने मिळविलेली आज्ञावली कोणत्या तत्त्वांवर चालते हे जाणण्यासाठी तिचे निरीक्षण व अभ्यास करण्यास मुभा देते. झाकण उघडून पाहणे हा आपल्याकडे अपराध मानलेला नाही.

हे सारे हौशी लोकांचे रविवारचे खेळ आहेत, असे कुणी म्हणेल. पहिल्या काही भेटींत माझीही समजूत तशीच होऊ पाहत होती. मग एक प्रसंग घडला.

आमच्या येथील एका जुन्या मराठी संस्थेचे सुमारे पंधरा वर्षांचे इतिवृत्त आणि वार्षिक अंकांचा मजकूर संगणकात होता. तो युनिकोडपूर्व काळातील एका फाँटमध्ये टाइप केलेला होता. ज्या आज्ञावलीत तो उघडत असे तिची किल्ली नव्या संगणकावर लागेना, आणि विकणाऱ्या व्यावसायिकाने सांगितले की जुनी आवृत्ती आम्ही बंद केली, नवी घ्या. तीत जुना मजकूर उघडेल की नाही याची हमी देता येत नाही. कार्यकारी मंडळाने हा विषय दोन सभांत चर्चिला आणि तिसऱ्या सभेत पुढे ढकलला. मूळ कागदी वह्यांपैकी बऱ्याच पावसाळ्यात भिजून गेल्या होत्या. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या समाजाला स्वतःची आठवण सरकारी दप्तरात सापडत नसते. ती असल्याच वह्यांत असते.

रविवारच्या मंडळींनी त्या फायली मागून घेतल्या. त्या जुन्या फाँटांची रचना अशी, की रोमन अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचे नुसते चित्र बसविलेले असे. फाँट काढून घेतला की उरते ती रोमन अक्षरांची निरर्थक भरताड. शिवाय तेथे ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी नोंदविलेली, आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. महाविद्यालयातील दोघा मुलांनी चित्रांचा तक्ता केला, क्रम फिरविणारी आज्ञावली लिहिली, आणि तिसऱ्या रविवारी मजकूर वाचता येऊ लागला.

मराठीच्या बाई छापील प्रत तपासावयास बसल्या आणि थोड्याच वेळात हसू लागल्या. सहलीच्या वृत्तांतात 'सह्याद्रीच्या दऱ्या' होत्या, त्यांच्या ठिकाणी 'सह्याद्रीच्या दर्या' झाला होता. वार्षिक भोजनाच्या ठरावात 'आचाऱ्यास जादा मजुरी द्यावी' असे होते, तेथे 'आचार्यास जादा मजुरी द्यावी' असे उमटले होते. आणि त्याच वर्षी संस्थेत एका संस्कृत पंडितांची व्याख्याने झाली होती! मुलांनी तक्त्यात रफाराचे आणि अर्धचंद्राकृती 'ऱ'चे चित्र एकाच अक्षराकडे नेले होते. ती दोघेही गुजराती माध्यमात शिकलेली; हा भेद त्यांच्या लिपीत नाहीच. बाईंनी तो फळ्यावर लिहून दाखविला. युनिकोडमध्ये या 'ऱ'ला स्वतंत्र स्थान आहे हे मुलांनी शोधून काढले, तक्त्यातील एक ओळ बदलली, आणि पंडितांची मजुरी पुन्हा आचाऱ्याकडे गेली. संगणकाची एक ओळही न लिहिणाऱ्या बाईंवाचून ते काम पुरे झाले नसते. आणि त्या मुलांवाचून बाईंच्या ज्ञानाला तेथे हात मिळाले नसते.

दुरुस्त प्रतीत पुढे एका पानावर वाचनालयासाठी निधी उभारण्याचा ठराव होता. सूचक म्हणून बाईंच्या दिवंगत यजमानांचे नाव होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि "पुढचे पान द्या" असे म्हटले. ते सर्व इतिवृत्त आता संस्थेकडे आहे, आणि ती रूपांतराची आज्ञावली तशाच मोकळ्या परवान्याखाली, जो मागेल त्याला मिळते.

बडोद्याला ही गोष्ट अगदी नवी वाटू नये. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८९० मध्ये कलाभवन निघाले ते देशी भाषेतून कारागिरी आणि तंत्र शिकविण्यासाठी. दादासाहेब फाळके तेथे शिकले. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास आणविले, आणि लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी फिरू लागली. विद्या ज्याच्या दारी पोहोचत नाही त्याच्या दारी ती नेली पाहिजे, हा विचार या गावाच्या अंगवळणी पडलेला आहे. फरक इतकाच की आता मागे राजाश्रय नाही. माडीचे भाडे वर्गणीतून भरावे लागते. हुशार मुले शिक्षण संपताच पुण्याला नाही तर बेंगळुरूला जातात. अर्धवट जोडलेल्या यंत्रांची एक पेटी टेबलाखाली वाढतच असते. कोणते लिनक्स चांगले यावर येथे जे वाद होतात, त्यांपुढे आमचे भाऊबंदकीचे दावे सौम्य म्हणावेत.

मंडळींनी मला एकदा विचारले की आपण रीतसर नोंदणी करावी काय. एक पक्ष म्हणाला, नोंदणी आली की अध्यक्ष येतो आणि अध्यक्ष आला की भांडण येते. मला ही भीती समजते. माझे निम्मे पोट अशा भांडणांवर चालते. तरीही माझे मत नोंदणीच्या बाजूचे आहे. भाडेचिठ्ठी एका माणसाच्या नावे असेल तर त्या माणसाबरोबर माडीही जाते, आणि हत्यारांची पेटी कुणाची हा प्रश्न उद्या खरोखरच उठेल. ज्यांनी परवान्याच्या मसुद्यातून इतके मोठे काम उभे राहिलेले पाहिले आहे, त्यांनी एका साध्या घटनापत्राला भिऊ नये. मी मसुदा करून दिला आहे. तो अद्याप चर्चेत आहे.

बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, गोवा येथील वाचकांना माझे सांगणे इतकेच, की आपल्या गावच्या वाचनालयात दुपारी रिकामी असणारी एक खोली बहुधा असतेच, आणि कपाटात न उघडणाऱ्या जुन्या फायलीही असतात. कोंकणी तर एकाहून अधिक लिप्यांत नांदते. तिच्या जुन्या मजकुराचे काम आमच्याहून अवघड, आणि म्हणून अधिक निकडीचे आहे. त्यासाठी एक टेबल, चार पेचकस, एक-दोन टाकून दिलेले संगणक, थोडे जाणणारा एक तरुण आणि भाषा नीट जाणणारे एक वडील माणूस इतके पुरते. ज्यांना त्या फायलींतील नावे ओळखता येतात अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. तेव्हा येत्या रविवारीच प्रारंभ केलेला बरा.