निवृत्तीनंतर मी पाय धुवायला शिकलो

साठीच्या पुढच्या माणसांची एक तक्रार मी ओपीडीत वर्षानुवर्षं ऐकत आलो. "डॉक्टर, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, पण बरं वाटत नाही." पहाटे तीनला झोप मोडते, जेवण जात नाही, छातीत धडधडतं, घरच्यांवर उगाच चिडचिड होते. मी विचारायचो, "रिटायर कधी झालात?" उत्तर यायचं, "झाले की सहा महिने." मग मी ठरलेला सल्ला द्यायचो. सकाळी फिरायला जा, वाचन करा, नातवंडांत मन रमवा. चिठ्ठीवर एखादी व्हिटॅमिनची गोळी लिहायचो आणि पुढच्या पेशंटला आत बोलवायचो.

तो सल्ला किती पोकळ होता, हे मी स्वतः निवृत्त झालो तेव्हा कळलं.

मी सर्जन. एका मिशन हॉस्पिटलात ३१ वर्षं नोकरी केली. निरोपाच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, माझ्या 'सेवे'बद्दल देवाचे आभार मानले. पहिला महिना मजेत गेला. दुसऱ्या महिन्यात फोन वाजायचा थांबला. तिसऱ्या महिन्यात मी स्वयंपाकघरातले डबे तपासू लागलो. डाळीच्या डब्यावर तारीख का नाही, गॅसचा पाइप कधी बदलला, दूधवाल्याचा हिशोब कुठे आहे. एक दिवस पत्नी म्हणाली, "अहो, तुम्ही घरात राउंड घेताय. इथं कुणी ॲडमिट नाही."

मग मी मंडळीकडे वळलो. आमच्या चर्चची कमिटी, उपासनेतला माइक, शब्बाथ शाळेचं वेळापत्रक, जमाखर्च, सगळ्यात माझ्या सूचना. मी याला प्रभूची सेवा म्हणत होतो. एका बैठकीत मुलाच्या वयाचा खजिनदार नम्रपणे म्हणाला, "सर, आपण लिहून द्या, आम्ही बघतो." मी घरी येऊन जेवलो नाही. पुढचे दोन रविवार चर्चला गेलो नाही. त्या आठवड्यात माझं ब्लड प्रेशर १६०/९६ भरलं. वर्षभरापूर्वी ते १३०/८० असायचं.

आज मागे वळून बघतो तेव्हा निदान सोपं वाटतं. मला सेवा नको होती, खुर्ची हवी होती. हॉस्पिटलातली गेली म्हणून मी चर्चमधली शोधत होतो.

"टॉवेल घरून आणा"

माझ्या ऑपरेशन थिएटरमध्ये २६ वर्षं काम केलेल्या एक सिस्टर माझ्याआधी चार वर्षं निवृत्त झाल्या होत्या. त्या दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये मधुमेही लोकांचे पाय तपासायच्या. जात-धर्म न बघता कुणीही यावं, पैसे नाहीत. मी दोन रविवार दिसलो नाही म्हणून त्या घरी आल्या. चहा घेतला आणि उठताना म्हणाल्या, "डॉक्टर, शनिवारी नऊला या. टॉवेल घरून आणा."

मला वाटलं, टेबल-खुर्ची मांडलेली असेल, मी सल्ला देईन. गेलो तर एक बुटकं स्टूल, प्लॅस्टिकचे दोन टब, साबण, आरसा आणि कापसाचा गठ्ठा. खुर्च्यांवर पेशंट बसले होते. स्टूल माझ्यासाठी होतं.

काम असं. कोमट पाण्यात पाय धुवायचे. पाणी किती गरम आहे ते पेशंटच्या पायाने नाही, आपल्या कोपराने बघायचं. पाय फार वेळ पाण्यात बुडवून ठेवायचे नाहीत, त्याने कातडी कोरडी पडून भेगा वाढतात. मग पुसायचे, विशेषतः बोटांच्या बेचक्या. तळवा, टाच, नखांच्या कडा बघायच्या. नायलॉनचा एक बारीक धागा येतो, तो १० ग्रॅम दाबाला वाकतो. तो तळव्याच्या ठरावीक जागी टेकवून विचारायचं, "कळतंय का?"

पहिल्याच पायाला सिस्टर मागून म्हणाल्या, "बेचक्या ओल्या राहिल्या डॉक्टर, परत पुसा." कित्येक वर्षांत मला कुणी 'परत करा' म्हटलं नव्हतं. मी परत पुसलं.

पाय बधिर का होतात?

थोडं समजावून सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात मधुमेह आहे. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा खराब होतात. शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून बधिरपणा बहुधा तिथून सुरू होतो. चपलेतला खिळा टोचतो, गाडीचा सायलेन्सर भाजतो, नवा बूट चावतो, पण दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. त्यात रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील तर जखम भरत नाही. जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला की पेशंट माझ्यासारख्या सर्जनकडे येतो. आणि मी पाय कापतो.

मी किती पाय कापले याची मोजदाद ठेवलेली नाही. पण त्या शनिवारपर्यंत मी एकाही पेशंटचा पाय स्वतःच्या हाताने धुतलेला नव्हता.

तिसरा शनिवार

तिसऱ्या शनिवारी कुबडीवर एक शेतकरी आले. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. मी त्यांना ओळखलं नाही. पँटचा पाय वर सरकला तेव्हा शिवण ओळखली. ती माझी होती. सहा वर्षांपूर्वीची.

त्यांनी मला आधीच ओळखलं होतं. मी उजव्या पायाला हात लावला तसा त्यांनी तो मागे घेतला. "साहेब, हा पण काढणार का?"

मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, "नाही हो. धुतो फक्त."

अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला जाड घट्टा होता आणि त्याच्या आत काळसर डाग. घट्ट्याखाली रक्त साकळलं होतं, म्हणजे वर कातडी शाबूत दिसत असली तरी आत जखम तयार होत होती. त्यांना काहीच दुखत नव्हतं. त्याच दिवशी घट्टा व्यवस्थित काढून घेतला, तळव्यावरचा भार कमी करायची सोय केली, मऊ एमसीआर रबराच्या चपला बनवून घेतल्या. काही आठवड्यांत जागा भरून आली. तो पाय आज त्यांच्याजवळ आहे.

मी त्यांना विचारलं, "पाय रोज बघायला हवा, हे तुम्हाला मागे कुणी सांगितलं नव्हतं?" ते म्हणाले, "नाही साहेब." एक पाय गेलेल्या मधुमेही माणसाचा दुसरा पायही धोक्यात असतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. डिस्चार्जच्या दिवशी मी टाके चांगले भरलेत म्हणून खूश होऊन पुढच्या खाटेकडे गेलो असणार. त्या रात्री झोप लागली नाही, पण ती निवृत्तीची निद्रानाशाची रात्र नव्हती. बऱ्याच महिन्यांनी मला स्वतःच्या ब्लड प्रेशरपेक्षा दुसऱ्या कुणाची तरी काळजी लागली होती.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्र आधी नकोच म्हणतो. उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री हा प्रसंग मी लहानपणापासून ऐकत आलो आणि त्यावर बोललोही आहे. नम्रतेवर. स्टुलावर बसल्यावर मला त्यातली एक साधी गोष्ट दिसली. धुणारा खाली बसलेला असतो, आणि तळवा खालूनच दिसतो. मी ३१ वर्षं उभा होतो.

विज्ञान काय म्हणतं?

हा माझ्या एकट्याचा अनुभव म्हणून सोडून देऊ नका. जपानमधल्या ओसाकी भागात ४३,३९१ लोकांना विचारलं गेलं की जगण्यात काही अर्थ आहे असं वाटतं का. पुढची सात वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. 'नाही' म्हणणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं, त्यात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचे मृत्यूही होते. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या सुमारे १३,००० लोकांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. वर्षाला १०० तास किंवा अधिक स्वयंसेवा करणाऱ्यांत मृत्यूचं आणि हालचालींवर मर्यादा येण्याचं प्रमाण कमी दिसलं, आणि एकटेपणाही कमी दिसला. १०० तास म्हणजे आठवड्याला जेमतेम दोन तास.

पण डॉक्टर म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. हे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास आहेत. ज्यांची तब्येत मुळात बरी, तेच सेवेला बाहेर पडतात, असंही काही अंशी असू शकतं. आणि त्याच अमेरिकी अभ्यासात मधुमेह, उच्च रक्तदाब, कॅन्सर यांवर स्वयंसेवेचा परिणाम दिसला नाही. म्हणजे सेवा हे औषध नाही, औषधाच्या जोडीला आहे. माझं ब्लड प्रेशर आता १३४/८२ असतं, आणि रोजची गोळी चालूच आहे.

उतारवयातलं अपुरं काम

नगर-नाशिककडच्या आम्हा ख्रिस्ती लोकांना यासाठी लांब जायला नको. नारायण वामन टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. लक्ष्मीबाई लिहायला-वाचायला शिकल्या त्याच लग्नानंतर, शाळेत न जाता. तरी त्यांनी ते काव्य पुढे नेलं. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. आपलं वय झालं, आता आपल्या हातून काय होणार, असं म्हणायला त्यांच्याकडे आमच्यापेक्षा जास्त कारणं होती.

माझे बरेच वाचक ख्रिस्ती नाहीत. मी माझ्या शास्त्रातलं सांगितलं, कारण मला ते तिथे सापडलं. आमच्या शनिवारी पाणी तापवून देणारे निवृत्त एसटी कंडक्टर पंढरीचे वारकरी आहेत. पेशंटनी रांगेत कसं बसायचं ते त्यांच्याइतकं चांगलं कुणाला जमत नाही.

निवृत्त झाला असाल तर

- आठवड्यातला एक वार आणि एक वेळ ठरवा. 'जमेल तेव्हा' केलेलं काम महिनाभरात सुटतं. कुणीतरी आपली वाट बघत असावं, हे महत्त्वाचं.
- शक्यतो दुसऱ्याच्या हाताखाली काम करा. सुरुवातीला जड जातं, पण मन लवकर हलकं होतं.
- घरात आजारी जोडीदाराची शुश्रूषा करत असाल, तर तीच तुमची सेवा आहे. त्यावर आणखी ओझं घेऊ नका, उलट आठवड्यातले दोन तास कुणाला तरी मदतीला बोलवा.
- दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो डिप्रेशनचा आजार असू शकतो. श्रद्धा कमी पडली असं समजू नका. डॉक्टरांना भेटा. सरकारच्या 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.
- स्वतःच्या तपासण्या आणि गोळ्या चुकवू नका.

सिस्टरांच्या गुडघ्याचं गेल्या महिन्यात ऑपरेशन झालं. त्यांना अजून खाली बसता येत नाही, म्हणून सध्या खुर्चीवर बसून आमच्यावर लक्ष ठेवतात. मागच्या शनिवारी एक नवे गृहस्थ आले, बँकेतून निवृत्त झालेले. रजिस्टर कसं ठेवायचं ते सांगत होते. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी उठलो, माझं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं आणि म्हटलं, "पुढच्या वेळी टॉवेल घरून आणा."

तुम्हाला मधुमेह असेल तर आज झोपण्यापूर्वी दोन्ही तळवे नीट बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. आणि घरात कुणी वयस्कर मधुमेही असेल, तर त्यांचे तळवे तुम्ही बघा. त्यासाठी खाली बसावं लागेल.