पाचांतला अर्धा

जर्मनीला जायचे म्हटले की आपल्या घरांतली वडील मंडळी अजूनही गप्प होतात. आम्ही उभयतांनीही ते बरीच वर्षे टाळले. शेवटी मुलाच्या नोकरीमुळे हॅम्बर्गला आठ दिवस राहण्याचा योग आला. आमच्या तरुणपणी मुंबईत बीटल्सच्या तबकड्या वाजत आणि थोरांची बोलणी खाऊन आम्ही त्या ऐकत असू. हे मुलाला ठाऊक, म्हणून त्याने आम्हांस रेपरबान रस्त्यावरच्या बीटल्स चौकात नेले.

हा चौक 2008 साली झाला. काळ्या फरसबंदीचा मोठा गोल आहे, एखादी तबकडी जमिनीवर ठेवावी तसा. त्यावर पोलादाच्या आकृत्या उभ्या आहेत, पण नुसत्या कडा, आत पोकळ. आम्ही मोजल्या तर पाच! जगाला चार बीटल्स ठाऊक, मग पाचवा कोण? तो स्टुअर्ट सटक्लिफ, सुरुवातीच्या दिवसांतला बास गिटार वाजवणारा. त्याला स्वतःची पूर्ण आकृती मिळाली आहे. ड्रमवाल्याची आकृती मात्र पीट बेस्ट आणि रिंगो स्टार या दोघांची मिळून एकच केली आहे. रिंगोला साऱ्या जगात जागा आहे. पण ज्या गावात पीट बेस्टने रात्रीच्या रात्री ड्रम बडवले, त्या गावात त्याच्या वाट्याला अर्धीच आकृती यावी, हे आमच्या मनाला लागले.

मनाला लागण्याचे आणखी एक कारण आहे. पीट बेस्टचा जन्म मद्रासचा, 1941 सालचा. त्याची आई मोना दिल्लीत जन्मलेली. महायुद्ध संपल्यावर हे कुटुंब जॉर्जिक नावाच्या बोटीने हिंदुस्थान सोडून निघाले आणि 1945 च्या नाताळात लिव्हरपूलला उतरले. उन्हातली माणसे थंडीत जाऊन पडली की काय होते, हे आपल्या लोकांना सांगायला नको. मोनाबाई खटपटी होत्या. 1959 साली त्यांनी राहत्या घराच्या तळघरात पोरांसाठी कॅसबा नावाचा कॉफी क्लब काढला. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन ही मुले तेथे वाजवू लागली.

पुढच्याच वर्षी या मुलांना हॅम्बर्गचे काम मिळाले, पण ड्रम वाजवणारा कोणी नव्हता. पीटकडे स्वतःचे ड्रम होते. 1960 च्या ऑगस्टमध्ये त्याला घेतले आणि चार दिवसांत सगळे निघालेसुद्धा. ब्रुनो कोशमिडर नावाच्या मालकाने त्यांना ज्या क्लबात वाजवायला लावले, त्याचे नाव इंद्रा, आणि दारावरच्या पाटीवर हत्ती! मद्रासेत जन्मलेला पोरगा हजारो मैल जातो आणि त्याच्या नशिबी इंद्र आणि ऐरावत! मजुरी माणशी तीस मार्क रोज. वाजवायचे साडेचार तास, शनिवारी सहा. झोपायला बांबी किनो नावाच्या थिएटरात पडद्यामागची खोली, शेजारी संडास. शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केल्यावर मालकाने त्यांना आपल्याच कायझरकेलर क्लबात हलवले. बीटल्स वाजवायला शिकले ते याच गावात, आणि त्या सगळ्या रात्री ड्रमवर पीट होता.

1961 च्या जूनमध्ये हॅम्बर्गलाच त्यांनी टोनी शेरिडन या गायकाला साथ केली. ती पॉलिडॉर कंपनीची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर बीटल्स हे नावच नव्हते, ‘बीट ब्रदर्स’ असे छापले होते. तेव्हा नाव गाळले जाण्याचा अनुभव त्या चौघांनाही आहे. फरक इतकाच की तिघांची नावे पुढे भरून आली.

16 ऑगस्ट 1962 रोजी व्यवस्थापक ब्रायन एपस्टीन यांनी पीटला कचेरीत बोलावून सांगितले की उद्यापासून तू नाहीस. बरोबर दोन वर्षांपूर्वी याच तारखेला तो हॅम्बर्गला निघाला होता. त्याचे वाजवणे ध्वनिमुद्रणाच्या साहेबांना पसंत नव्हते हे खरे. वाजवणे कच्चे होते की नव्हते, या वादात आम्ही पडत नाही. पण दोन वर्षे एका खोलीत झोपलेल्या तिघांपैकी एकानेही समोर येऊन सांगू नये, हे आम्हांला पटत नाही.

पीटने पुढे बेकरीत पाव गाडीत चढवले आणि नंतर वीसएक वर्षे सरकारी रोजगार कचेरीत लोकांना कामे मिळवून दिली. 1995 साली जुन्या मुद्रणांचा संच निघाला, त्यात तो वाजवत असलेली दहा मुद्रणे होती. त्याचे पैसे त्याला मिळाले. मुखपृष्ठावरच्या जुन्या फोटोतले त्याचे डोके मात्र फाडलेले, आणि तेथे रिंगोचे!

स्टुअर्टची गोष्ट थोडक्यात सांगतो. त्याला खरी आवड चित्रांची. तो आस्ट्रिड किर्शहेर या जर्मन मुलीच्या ओढीने हॅम्बर्गलाच राहिला, चित्रकला शिकला आणि 1962 च्या एप्रिलमध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन एकविसाव्या वर्षी वारला. दुसऱ्या दिवशी मित्र विमानातून उतरले तेव्हा ही बातमी त्यांना आस्ट्रिडने विमानतळावर सांगितली.

स्टुअर्ट जर्मनीत राहिला म्हणून 1960 च्या डिसेंबरात लिव्हरपूलकडच्या चार कार्यक्रमांना चास न्यूबी या विद्यार्थ्याने बास वाजवले. पुन्हा हॅम्बर्गला चल म्हटले तर तो कॉलेजात परत गेला आणि पुढे गणिताचा शिक्षक झाला. 2023 साली तो वारला. आम्हांला हा माणूस आवडला.

आपल्याकडचीही माणसे यात आहेत. 1966 साली लंडनमध्ये बीटल्सच्या एका गाण्याला अनिल भागवत यांनी तबल्याची साथ केली. त्यांचे नाव तबकडीच्या वेष्टनावर छापले गेले. पुढच्या वर्षी दुसऱ्या गाण्याला दिलरुबा, तंबोरा, तबला वाजवणाऱ्या हिंदी कलावंतांची नावे मात्र छापली नाहीत. ती लोकांपुढे यायला 2017 साल उजाडले: अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा, नटवर सोनी.