जोडीतली एक डिस्क बदलताना

हार्ड डिस्क मरते. हा निराशावाद नाही. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या मारणाऱ्या कुठल्याही वस्तूचं शेवटी हेच होणार. प्रश्न एवढाच, की जायच्या आधी ती आपल्याला सांगते का? आमच्या घरच्या नासमधल्या, म्हणजे राउटरला जोडलेल्या त्या दोन डिस्कच्या डब्यातल्या, एका डिस्कने या आठवड्यात सांगितलं. स्मार्ट रिपोर्टमध्ये पेंडिंग सेक्टरचा आकडा शून्याचा ८ झाला, आणि दोन दिवसांनी २४.

४ टीबीपुढे २४ सेक्टर म्हणजे किस झाड की पत्ती! पण गूगलने २००७ साली आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पहिली स्कॅन एरर आली की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडायची शक्यता ३९ पट वाढते, असं त्यात निघालं. पेंडिंग सेक्टर म्हणजे अगदी तेच नव्हे, पण रोख तोच. शिवाय बऱ्याच डिस्क काहीही न सांगता गेल्या, असंही त्याच अभ्यासात आहे. त्या मानाने आमची सज्जनच म्हणायची.

आई म्हणाली, "अगं, पण सगळं दोन ठिकाणी आहे ना? मग एक गेली तर काय बिघडलं?"

प्रश्न रास्त आहे. रेड १ मध्ये दोन्ही डिस्कवर तोच माल असतो. पण दुसरी डिस्कही त्याच दिवशी, त्याच दुकानातून घेतलेली, त्याच मॉडेलची आणि तितकेच तास राबलेली. नवी डिस्क भरायला सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तरी सात-साडेसात तास लागतात, आणि तेवढा वेळ ही म्हातारी एकटी, अखंड वाचली जाणार. वर रेड इतकं आज्ञाधारक, की एखादी फाइल चुकून डिलीट केली तर दोन्हीकडून तत्परतेने उडवतं. थोडक्यात काय, रेड म्हणजे बॅकअप नव्हे.

आणि त्या डब्यात आजी आहे. २०१६ साली तिने आईच्या मोबाइलवर म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, चौदा क्लिप्स. मध्येच कुकरची शिट्टी, मध्येच "झालं का गं चालू?" आता आजी नाही. डब्यातले सिनेमे काय, पुन्हा मिळतील. या चौदा फाइल्स मिळणार नाहीत.

तर खरेदी. पहिली अट: डिस्क सीएमआर हवी, एसएमआर नको. एसएमआरमध्ये जास्त माल मावावा म्हणून डेटाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. खालचं कौल बदलायचं तर वरची ओळ उचलावी लागते. सलग लिहिताना ती बरी चालते, इकडे-तिकडे लिहायची वेळ आली की दमते. २०२० च्या एप्रिलमध्ये उघड झालं, की वेस्टर्न डिजिटलच्या खास नाससाठी विकल्या जाणाऱ्या 'रेड' मालिकेतल्या (या रेडचा त्या रेडशी संबंध नाही!) २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर होत्या, आणि तसं सांगितलेलं नव्हतं. नंतर सीएमआर डिस्कना 'रेड प्लस' असं वेगळं नाव मिळालं. म्हणून खोक्यावरच्या नावावर न जाता मॉडेल नंबर बघायचा.

दुसरी अट: नासचीच डिस्क. साधी डेस्कटॉपची डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही की हट्टाने बराच वेळ प्रयत्न करत बसते. नासची साधारण सात सेकंदांत हात वर करते आणि जोडीदाराकडून वाचून घेऊ देते. जोडीत राहायचं तर हा स्वभाव बरा.

वेगावर मात्र पैसे घालवणार नाही. गिगाबिटच्या वायरमधून सेकंदाला ११०-११५ एमबीच जातात. ७२०० फेऱ्यांची डिस्क घेतली तर बहुधा फक्त आवाज आणि उष्णता वाढेल. मोठी घेऊनही लगेच फायदा नाही, कारण जोडीत लहान डिस्कचंच माप चालतं.

ठरलं ते असं. आत्ता ४ टीबीची एक सीएमआर, तीन वर्षांच्या वॉरंटीची. सहा महिन्यांनी दुसरीही बदलायची, पण वेगळ्या कंपनीची, म्हणजे दोघींचं वय आणि कुळ एक नको. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, ओव्या नाही. त्यामुळे जुनी डिस्क काढण्याआधी आज संध्याकाळी बाहेरच्या यूएसबी डिस्कवरचा बॅकअप ताजा करून, चौदाही क्लिप्स तिथून उघडून ऐकणार आहे. बॅकअप आहे आणि बॅकअप चालतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग ती डिस्क नाशिकला ताईकडे जाईल. ताईला रेड, सीएमआर यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. ती म्हणाली, "दे, आजीच्या इरकलीच्या घडीत ठेवते." तिसऱ्या कॉपीला याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही.