बोल्ट कसायची घाई

आमच्या घरी ट्रकला कोणी ट्रक म्हणत नसे. ती 'गाडी'. दादाजींनी १९६८ साली घेतलेली, लांब नाकाची टाटा मर्सिडीज बेंझ. टेल्को आणि जर्मनीच्या डायम्लर-बेंझचा करार १९५४ साली झाला आणि १९६९ साली संपला. म्हणजे जाळीवर तीन टोकांचा तारा मिरवणाऱ्या शेवटच्या शेवटच्या गाड्यांपैकी आमची एक. पांढुर्ण्याची संत्री नागपूरला न्यायची आणि परतीला सावनेर, सौंसरवरून छिंदवाड्याचा किराणा चढवायचा, असं तिचं वर्षानुवर्षं चाललं होतं.

१९९६ च्या उन्हाळ्यात तिच्या इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला. नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती आणि जुनी विकायला बाबांचं मन होत नव्हतं. शेवटी अपघातात गेलेल्या एका टाटाचं ६९७ इंजिन गिअरबॉक्ससकट मिळालं. त्या नावातच त्याची ओळख आहे: सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. इंजिन बदललं की आरसी बुकावर नवा नंबर चढवावा लागतो, त्यासाठी बाबांच्या छिंदवाड्याच्या आरटीओत चकरा सुरू झाल्या. दिवाळीच्या सुमारास अंबिया बहाराची संत्री निघतात. तोवर गाडी रस्त्यावर आली नाही तर कर्जाचे हप्ते थकणार, हे घरात मलाही कळत होतं.

मी तेव्हा अकरावीत. कॉलेज सुटलं की थेट गॅरेज. मला वाटायचं, एक इंजिन उचलायचं आणि त्या जागी दुसरं ठेवायचं, एवढंच तर काम. पण इंजिन चेसीवर नुसतं ठेवत नाहीत. ते रबराच्या गाद्यांवर बसवतात. मेकॅनिक लोक त्याला 'फाउंडेशन' म्हणतात. दोन लोखंडी पट्ट्या आणि मध्ये त्यांना घट्ट चिकटवलेलं जाड रबर. इंजिन जेवढ्या जोराने चाकं फिरवतं, तेवढ्याच जोराने ते स्वतः उलट्या बाजूला वळू पाहतं. शिवाय खराब रस्त्यावर चेसीही पिळते. ही ओढाताण रबराने सोसायची. रबर नसेल किंवा आधीच ताणलेलं असेल, तर ती लोखंडावर येते आणि लोखंड तडकतं.

नव्या इंजिनाचे पाय जुन्या चेसीच्या भोकांवर येत नव्हते, म्हणून मिस्त्रींनी नवे ब्रॅकेट कापले. चेन कप्पीला इंजिन टांगून ते तासन् तास बोटाबोटाने वर-खाली करत होते. पंखा आणि रेडिएटरमध्ये पुरेसं अंतर हवं. खालचा तेलाचा चेंबर पुढच्या अॅक्सलला लागायला नको, कारण पाटे दबले की अॅक्सल वर येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गिअरबॉक्सचा मागचा उतार आणि डिफरन्शियलच्या तोंडाचा उतार एकमेकांशी जुळायला हवा. तो चुकला तर मधल्या शाफ्टचे क्रॉस लवकर झिजतात. सगळं जुळल्यावर त्यांनी ब्रॅकेटला वेल्डिंगचे चार-चार टाके मारले. जागेवरच पूर्ण वेल्डिंग केली तर रबर जळतं. म्हणून आधी टाके, मग इंजिन उतरवून पक्की वेल्डिंग.

एवढ्यात पोळा आला. दुसऱ्या दिवशी गोटमार. त्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मध्ये पळसाचं झाड, आणि बाकी सगळी कामं बंद. जाताना मिस्त्री मला म्हणाले, "बाबू, बोल्ट हातानंच फिरवून ठेवले. पाना लावू नको. दोन दिवस वजन बसू दे, रबरले त्याची जागा घेऊ दे. मी आलो की इंजिन उतरवू."

पोळ्याच्या संध्याकाळी बाबा हिशेबाची वही घेऊन ओसरीवर बसले होते. त्यांचा चेहरा पाहून मला राहवलं नाही. गुपचूप गॅरेजात गेलो. एका बाजूचं भोक थोडं सरकलं होतं. सब्बल घालून ते जुळवलं आणि अंगातली सगळी ताकद लावून सगळे बोल्ट कसले. वर ब्रॅकेटला काळा रंगही फासला. काम पुरं झाल्यासारखं दिसत होतं.

गोटमारीत मिस्त्रींच्या हाताला दगड लागला. ते पंधरा दिवस येऊ शकले नाहीत. सौंसरहून त्यांचा साळा उरलेलं काम करायला आला. कसलेले बोल्ट आणि रंगवलेले ब्रॅकेट पाहून त्याला वाटलं, ही बाजू झाली. मी गप्प राहिलो. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर पुढचं टळलं असतं.

पहिल्या फेरीला मीही केबिनमध्ये होतो. गाडीत किराणा भरलेला. सौंसर मागे टाकून सिल्लेवानीचा घाट लागला. दुसऱ्या गिअरमध्ये चढताना खालून काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला, पंखा रेडिएटरला घासला आणि समोर वाफच वाफ. गिअर सुटला. गाडी मागे सरकू लागली. बाबा ब्रेकवर जवळजवळ उभेच राहिले. क्लीनरने उडी मारून चाकाखाली दगड लावले. दोन-तीन हात मागे जाऊन गाडी थांबली. त्यापुढे उतार होता आणि कडा होती. मी खाली उतरून वाकून पाहिलं. काळ्या रंगाखाली तुटलेले टाके दिसत होते.

गाडी ओढून पांढुर्ण्याला आणली. मिस्त्री हाताला पट्टी बांधूनच आले, गाडीखाली गेले आणि बाहेर येऊन आधी माझ्याकडे पाहिलं.

बाबांनी विचारलं, "मिस्त्री, हे कोणी कसलं?"

"माह्यीच चूक, भाऊ. मी नीट सांगून नाही गेलो."

त्यांनी नीट सांगितलं होतं. माझे कान तापले. म्हणालो, "बाबा, मी कसलं. यांनी नको म्हटलं होतं."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पाना माझ्या हातात दिला. "खोल. आता तूच बसवशील. मिस्त्री फक्त सांगतील."

चार दिवस लागले. इंजिन उतरवलं, ब्रॅकेट पक्के जोडले, ताणलेली रबरं फेकून नवी घातली. सगळे बोल्ट आधी नुसते लावले, कप्पी ढिली करून पूर्ण वजन रबरांवर सोडलं, सब्बलीने दोन्हीकडून हलवून इंजिनाला आपली जागा घेऊ दिली, आणि मगच कसलं. शेवटी मिस्त्रींनी इंजिनापासून चेसीपर्यंत एक जाड वायर बांधायला लावली. रबरातून वीज जात नाही, म्हणून अर्थ वेगळा द्यावा लागतो. हेही मी विसरलो असतो.

गाडी सुरू केली तेव्हा इंजिन फाउंडेशनवर हलकंच डुलत होतं. मी घाबरून म्हणालो, "हलते आहे!"

मिस्त्री हसले. "हलनारच. त्याले हलू दे. सुटू देऊ नको, बस."

अंबिया बहाराची पहिली संत्री त्या वर्षी आमच्याच गाडीतून नागपूरला गेली. पुढे आठ वर्षं ते इंजिन तसंच चाललं. आता गाडी नाही, मिस्त्रीही नाहीत. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. घाटातून जाताना मात्र अजूनही मी गाडी हळू करतो.

तुमच्या कारमध्येही ही रबरं आहेत. उभ्या गाडीत स्टीअरिंग थरथरायला लागलं तर एकदा ती बघून घ्या. आणि हातातलं काम अर्धं असेल तर त्यावर रंग मारू नका. अर्धंच आहे म्हणून सांगा. मला ते सांगायला पंधरा दिवस आणि एक घाट लागला.