इन्शुलिन : सिरिंज बरी की पेन?



ऊस आणि खताबद्दल बोलणाऱ्या माणसानं मधुमेहावर का लिहावं, असं तुम्हाला वाटेल. पण हल्ली कोल्हापूर भागात कुणाच्याही सोप्यात बसलो, तर पिकाच्या चौकशीनंतर गोष्ट साखरेवर येतेच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या काहींना गोळ्या पुरत नाहीत, इन्शुलिन टोचून घ्यावं लागतं.

१९२१ साली कॅनडात टोरांटोला इन्शुलिनचा शोध लागला. तेव्हा काचेची सिरिंज रोज उकळून घ्यावी लागे. पुढं एकदाच वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या सिरिंजा आल्या आणि १९८५ साली डेन्मार्कच्या कंपनीनं पेन काढलं. दिसायला शाईच्या पेनासारखंच. मागची चकती फिरवून आकडा लावायचा, टोचायचं आणि बटण दाबायचं.

माझ्या थोरल्या वहिनी राधानगरी तालुक्यात असतात. सत्तरी ओलांडली, तरी म्हशीची धार अजून त्याच काढतात. त्या मला म्हणाल्या, "भावजी, सुई टोचती त्याचं काय न्हाई. पण त्या बारीक रेघा दिसत न्हाईत. पोरगा पाणी पाजायला मळ्यात गेला, की त्याची वाट बघत बसायचं." रात्रीच्या विजेवर मोटार चालते, त्यामुळं मुलगा उशिरा येई. कधी डोस चुके, कधी जेवण लांबे. साखर चढतच होती. डॉक्टरांनी पेन दिलं. आता आकडा नात वाचून दाखवते, पण टोचणं वहिनींचं त्या करतात. कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, याचंच त्यांना मोठं समाधान आहे.

म्हणजे पेन सगळ्यांनाच चांगलं, असं नव्हे. बाटली आणि सिरिंज स्वस्त पडते. हात स्थिर आणि नजर चांगली असेल, तर त्यातही काही कमी नाही. अनेक देशांतल्या पाहण्यांत रुग्णांचा कल पेनकडे दिसला, तरी न परवडणारं पेन महिनाभरात बंद पडलं तर त्याचा उपयोग काय? ज्या साधनानं रोजचा डोस चुकत नाही, ते आपलं.

एक गोष्ट मात्र फवारणीच्या औषधासारखी पक्की ध्यानात ठेवा. आपल्याकडं बाटलीत बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट इन्शुलिन असतं, तर पेनमध्ये बहुधा १०० युनिट. पेनचं इन्शुलिन ४० च्या सिरिंजनं २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर शरीरात ५० युनिट जातील. त्यानं माणूस बेशुद्ध पडू शकतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून पेनमधलं औषध सिरिंजमध्ये ओढू नका. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे दर वेळी बघा. घाम फुटला, हात थरथरले, एकदम भूक लागली, तर साखर उतरली असं समजून लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. मळ्यात जाताना खिशात साखरेची पुडी असू द्या.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको. फ्रिज नसेल, तर मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडकं ठेवा आणि बाटली पिशवीत बांधून आत ठेवा. मोटारसायकलच्या डिकीत किंवा उन्हात औषध राहू देऊ नका. टोचण्याची जागा रोज थोडी बदला. एकाच ठिकाणी टोचलं तर गाठ येते आणि औषध नीट लागू पडत नाही. एकाचं पेन, सुई बदलूनसुद्धा, दुसऱ्यानं वापरू नये. वापरलेल्या सुया उकिरड्यावर टाकू नका. तिथं आपली पोरं अनवाणी फिरतात, जनावरं चरतात. जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून त्या दवाखान्यात नेऊन द्या.

पुढच्या खेपेला डॉक्टरांकडं जाल, तेव्हा "चाललंय बरं" एवढंच सांगून उठू नका. रेघ दिसत नाही, हात कापतो, सुईची भीती वाटते, खर्च झेपत नाही, जे असेल ते मोकळेपणानं बोला. आणि घरात असं माणूस असेल, तर आज संध्याकाळी त्याच्याजवळ बसून एकदा विचारा.