अडखळणारी मोटार

मोटार एकदम बंद पडली तर एक वेळ परवडतें. परंतु ती अडखळत चालूं लागली म्हणजे माणसाच्या स्वभावाची खरी परीक्षा होते. गेल्या चैत्रांत आम्ही सोलापुराहून तुळजापुरास निघालों असतां हा प्रसंग माझ्यावर आला. त्या परीक्षेंत मी उतरलों नाहीं, आणि म्हणूनच ही हकीकत लिहीत आहें.

ही मोटार वडिलांची. नांव पद्मिनी, बांधा जुन्या फियाटचा, चार सिलिंडरांचें १०८९ सी.सी.चें इंजिन. ती बनविणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिली. आणि वालचंदांचा जन्म १८८२ सालीं आमच्या सोलापुरांतच झालेला. कारखाना मुंबईस, कुर्ल्याला. तरीहि वडील तिला ‘आपल्या गांवची लेक’ म्हणत. २००० सालाच्या सुमारास या मोटारी निघावयाच्या थांबल्या, पण आमची मात्र वडिलांच्या हातीं शेवटपर्यंत धांवत राहिली. त्यांच्या मागें मोटारीची किल्ली माझ्या खुंटीला आली आणि तिची विद्या धाकट्या बंधूकडे गेली; कारण पाने-पक्कड हातांत देत, वडिलांच्या शेजारीं बसून ती त्यानेंच शिकून घेतली होती.

दिवाळींत तो ती अक्कलकोटला घेऊन गेला आणि मागचा मडगार्ड खरवडून परत आला. मीं त्याला बजावलें, “यापुढें मला विचारल्यावांचून मोटारीला हात लावावयाचा नाहीं.” तो इतकेंच म्हणाला, “दादा, हात लावीत नाहीं. पण ती उभी ठेवूं नका. आठवड्यांतून एकदां तरी फिरवून आणा.” त्यानंतर पांच महिने मोटार अंगणांत झांकून उभी होती. तिचें जतन करीत आहों, असें मला वाटत होतें.

चैत्रांत आईनें कुलस्वामिनीच्या दर्शनाची इच्छा बोलून दाखविली. वयाच्या मानानें पुन्हां जाणें होईल न होईल, म्हणून सारें घर निघालें. सपाट रस्त्यावर एका वेगानें मोटार बिनतक्रार चालली होती. मात्र पुढच्या ट्रकला मागें टाकण्यासाठीं पाय दाबला, कीं ती क्षणभर गुदमरे, दोन गचके देई आणि मग पुढें जाई. तुळजापूरचा घाट लागल्यावर तर दर वळणावर हाच प्रकार. मागून कर्णे वाजत होते. आई ओटीचें ताट मांडीवर घट्ट धरून देवीचें नांव घेत होती. माझा तोल गेला. शेजारीं बसलेल्या बंधूला मी बायकामुलांदेखत म्हणालों, “दिवाळींत तूंच हिची वाट लावलीस. वडिलांची एवढी एक वस्तु, तीहि तुझ्यानें सांभाळवली नाहीं!” तो कांहीं बोलला नाहीं. मागें बसलेली त्याची पत्नी खिडकीबाहेर पाहूं लागली. देवीचें दर्शन झालें, पण परततांना मोटारींत कोणीहि बोललें नाहीं.

दुसरे दिवशीं पहांटेसच तो हत्यारांची पेटी घेऊन दारांत उभा. “दादा, किल्ली द्या.” दोष कोणाचा हें ठरवून मी आदले दिवशींच मोकळा झालों होतों, दोष कोठें आहे, हें पाहावयास त्यानें आतां आरंभ केला.

उन्हानें नळींत पेट्रोलची वाफ होऊन मोटार अडते, आणि सोलापूरच्या उन्हांत तें नवल नव्हे. पण ही पहांटेच्या गारव्यांतहि पाय दाबतांच गुदमरत होती. पेट्रोलची गाळणी तुंबली असती, तर चढावर पाय दाबून धरल्यावर तिचा दम जात राहिला असता. ही तर क्षणभर अडखळून मग नीट ओढीत होती. त्यानें प्लग पुसले, फरक नाहीं. पॉइंटमधलें अंतर मोजलें, तें बरोबर. मी म्हणालों, “सगळेंच एकदम बदलून टाकूं.” तो म्हणाला, “एका वेळीं एकच, दादा. दोन गोष्टी बदलल्या, तर दोषी कोणती तें कळत नाहीं.”

शेवटीं इंजिन बंद करून त्यानें हवेच्या गाळणीचें झांकण काढलें, मला कार्बोरेटरच्या तोंडांत पाहावयास सांगितलें आणि हातानें दांडी ओढली. “पेट्रोलची धार दिसते?” दिसत नव्हती. पाय दाबतांच हवा एकदम आंत घुसते. पेट्रोल जड, तें मागें रेंगाळतें. ती उणीव भरून काढण्यासाठीं कार्बोरेटरला एक लहानसा पंप असतो, तो त्याच क्षणीं पेट्रोलची बारीक पिचकारी मारतो. आमच्या मोटारीची ती पिचकारीच आटली होती. पंप खोलला, तों आंतील रबराचा पातळ पडदा वाळून चिरलेला, आणि तळाशीं पिंवळट चिकट गाळ.

“असें कशानें झालें?” मीं विचारलें. तो खालीं पाहूनच म्हणाला, “उभ्या मोटारींतलें पेट्रोल उडून जातें, गाळ मागें राहतो, रबर वाळतें. त्यांत हल्लींच्या पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. जुन्या रबराला तें मानवत नाहीं, आणि तें ओलहि ओढून घेतें.” उसापासून इथेनॉल होतें हें आमच्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांत पोरासोरांसहि ठाऊक, मलाहि ठाऊक होतें. मोटार उभी कोणी ठेवली, हें मात्र त्यानें सांगितलें नाहीं. सांगण्याची गरजहि नव्हती.

नवा पडदा बाजारांतून आणून बसविला आणि मोटार पूर्ववत् धांवूं लागली. बोललों होतों तें सर्वांदेखत; तेव्हां परत घेणेंहि सर्वांदेखतच हवें होतें. त्या रात्रीं जेवतांना मी म्हणालों, “मोटार मीं बिघडविली होती. घाटांत त्याला बोललों, तें चुकलें.” पानांवर क्षणभर शांतता पसरली. बंधु म्हणाला, “दादा, वरण निवतें आहे.” आईनें कांहीं न बोलतां माझ्या भातावर तूप वाढलें.

आतां किल्ली माजघरांतल्या खुंटीला असते. ज्याला काम असेल त्यानें घ्यावी. दर रविवारीं बंधु मोटार फिरवून आणतो. मात्र वाटेंत एखादा गचका बसला, कीं भावजय अजून खिडकीबाहेर पाहूं लागते. तो पडदा बदलावयास वेळ लागणार आहे.