पिशवीतलं आणि अंगावरचं

मुरबाड तालुक्यातल्या म्हशाहून अंधेरीला रोज कामाला जाणाऱ्याचं काही घरी राहिलं, तर ते आणायला मागे फिरता येत नाही. म्हसा ते मुरबाड दहा-बारा किलोमीटर, जीप मिळेल तर जीपने, एसटी आली तर एसटीने. मुरबाड ते कल्याण तीसेक किलोमीटर, ते एसटीने. कल्याणहून जलद लोकल, घाटकोपरला उतरून मेट्रो. शहापूरकडच्यांना निदान आसनगाव स्टेशन आहे, मुरबाडला अजून रेल्वे आलेली नाही. सकाळी अंधारात निघायचं आणि रात्री अंधारातच परतायचं. मधल्या तासांत पाऊस, आजारपण, खोळंबा, जे काही होईल ते पिशवीत असेल तेवढ्यावर निभवायचं. ही पिशवी मला बरीच वर्षं नीट भरता आली नाही. त्या वर्षांतली एक चूक तर दुसऱ्याच्या जिवावर बेतली असती, म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवातच चुकली. मोबाईलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ पाहून मी सामान ठरवलं. पक्कड, चाकू, पेचकस एकातच असलेलं पोलादी हत्यार, चकमक, नायलॉनची दोरी, वीस हजार मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक. मोठी बॅटरी आमच्या जत्रेतच घेतली. पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते तेव्हा बैलबाजाराच्या पलीकडे घोंगड्या-चादरींच्या आणि अवजारांच्या दुकानांत असलं सगळं मिळतं. डबा आणि पाण्यासकट ती पिशवी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली, तर साडेचार किलो भरली. सकाळच्या लोकलमध्ये कल्याणला आत शिरताना साडेचार किलो छातीशी धरून उभं राहणं म्हणजे काय, ते त्या गाडीने जाणाऱ्यालाच कळेल. शेजारच्याच्या बरगडीत आपली पिशवी रुतते आणि तो बिचारा बोलतही नाही.

आणि एवढ्या सामानात कंडक्टरला द्यायला सुट्टे पैसे नव्हते. चकमक होती, पण पोटदुखीवरची गोळी नव्हती. ज्यांचे व्हिडिओ पाहिले ते लोक जंगलात रात्र काढायची तयारी करत होते. माझी वाट जंगलातून येत होती, पण अडचणी सगळ्या फलाटावर, पुलावर आणि गर्दीत होत्या.

चाकूच्या बाबतीत तर सरळ अज्ञान होतं. आमच्याकडे ठाकर, कातकरी माणूस घरातून निघताना कमरेला आकडी बांधतो आणि तिच्यात कोयता अडकवतो. लाकूडफाटा, काटेरी वाट, साप-विंचू, सगळ्याला तो लागतो. मुरबाडच्या बाजारात त्याकडे कुणी वळूनही बघत नाही. लहानपणापासून हेच पाहिल्यामुळे घडीचा चाकू जवळ असण्यात काही गैर आहे, असं कधी मनातच आलं नाही. घाटकोपरला मेट्रोच्या तपासणीत पिशवी यंत्रातून गेली आणि मला बाजूला घेतलं. रक्षक सभ्यपणे बोलला, पण चाकू आत नेऊ दिला नाही. शस्त्र कायद्याखाली 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याला परवाना लागतो. शेतीची आणि घरकामाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. पण पोलिसांचे मनाईहुकूम निघतात तेव्हा लहान पातंही गोत्यात आणतं आणि मेट्रोचे नियम वेगळेच. शिवाय शहरात मला त्या पात्याने कापायचं काय होतं? गोळ्यांची पट्टी, दोरा, फार तर बिस्किटाचा पुडा. नेलकटर पुरतो.

दुसरी चूक जास्त महागात पडली. सगळं एकाच ठिकाणी ठेवलं होतं, आणि ते ठिकाण म्हणजे फोन. लोकलचा पास फोनवर, पैसे फोनवर, ओळखपत्र फोनवर, सगळ्यांचे नंबर फोनवर. एका संध्याकाळी गाडी खोळंबली आणि कल्याणला पोहोचेपर्यंत फोन बंद पडला. पॉवर बँक जवळ होती, पण तीच भारलेली नव्हती. फलाटावर तिकीट तपासनीसाने पास मागितला. मोबाईलवरचा पास दाखवता आला नाही तर तुम्ही विनातिकीट, हा नियमच आहे. 250 रुपये दंड आणि वर भाडं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. खिसे आणि पिशवीचे कोपरे धुंडाळून कसेबसे पैसे जमले आणि एसटीपुरतेच उरले.

मुरबाडला उतरलो तेव्हा म्हशाची शेवटची गाडी गेली होती. स्टँडवरच्या चहावाल्याने फोन पुढे केला, “करा ना दादा, घरी लावा फोन.” फोन हातात घेतला आणि माझ्या ध्यानात आलं, की बायकोचा नंबर मला पाठ नाही. भावाचाही नाही. पाठ होता तो फक्त माझा स्वतःचा, बंद पडलेल्या फोनचा. मी किती तरी वेळ तो फोन धरून उभा होतो. शेवटी म्हशाकडे जाणारा एक टेंपोवाला ओळखीचा निघाला. घरी आई दारात बसून होती. “कुठं होतास रं? फोन का लागंना?” एवढंच ती म्हणाली. ती तशी किती वेळ बसली असेल, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता घरच्या दोघांचे नंबर कागदावर लिहून, कागद प्लास्टिकमध्ये घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवतो. त्याच कागदावर माझा रक्तगट आणि मला कुठलं औषध चालत नाही, तेही लिहिलं आहे. शंभराच्या दोन-तीन नोटा आणि दहा-वीसचे सुट्टे वेगळे. पास पुन्हा कागदी काढला, त्याचं ओळखपत्र त्याच्यासोबत. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी ग्रिडमध्ये बिघाड होऊन मुंबई-ठाण्याची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. तशा वेळी खिशातली नोटच कामाला येते.

पॉवर बँकेबद्दल दोन शब्द, कारण या बाबतीत पुष्कळ जण माझ्यासारखेच फसतात. पुड्यावर दहा हजार मिलिअँपिअर-तास लिहिलेलं असतं, ते आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टवर मोजलेलं. फोनला वीज जाते 5 व्होल्टने आणि वाटेत काही उष्णतेत जाते. म्हणून पाच हजारांची बॅटरी असलेला फोन ती दोनदा भरेल हा हिशेब चुकतो. दीडदा भरली तरी पुष्कळ. रोजच्या प्रवासाला एवढी पुरते. वीस हजारांची घेऊन मी नुसतं वजन वाहत होतो.

तिसरी गोष्ट लिहायला जड जाते. मे महिन्यातली दुपार, गाडी डोंबिवली सोडून निघालेली. समोरच्या बाकावरचे एक वयस्कर काका घामाघूम झाले. सकाळपासून पोट बिघडलंय, दोनदा उलटी झाली, असं त्यांच्यासोबतचा मुलगा म्हणाला. मला वाटलं, आता माझ्या पिशवीचं चीज होणार. ओआरएसची पुडी काढली, अर्ध्या लिटरच्या बाटलीत सगळी ओतली, हलवली आणि बाटली काकांच्या तोंडाला लावणार, तोच पलीकडे उभ्या असलेल्या एका बाईंनी माझा हात धरला. त्या रुग्णालयात परिचारिका होत्या.

“थांबा दादा. पुडीवर काय लिहिलंय ते वाचलंत का?”

वाचलं नव्हतं. ती 20.5 ग्रॅमची पुडी होती, पूर्ण एक लिटर पाण्यासाठीची. अर्ध्या लिटरमध्ये ती दुप्पट खारट होते. असं पाणी पोटात गेलं, की अंगात पाणी मुरायच्या ऐवजी अंगातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं आणि रक्तातलं मीठ वाढतं. तान्ह्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना यात फार धोका. त्यांनी अर्धं पाणी दुसऱ्या बाटलीत काढलं, दोन्ही बाटल्या साध्या पाण्याने भरल्या आणि काकांना घोट घोट, थांबत थांबत पाजलं. “बीपीची, किडनीची काही तक्रार आहे का, हे आधी विचारायचं. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी माझी औषधांची डबी मागितली. जागा वाचावी म्हणून मी सगळ्या गोळ्या पट्ट्यांतून सोडवून एका डबीत टाकल्या होत्या. एक पांढरी गोल गोळी त्यांनी तळहातावर घेतली. “ही कसली?” मला सांगता आलं नाही. तापाची असेल, पित्ताची असेल. डबीवर नाव नाही, तारीख नाही. “मग ही कुणाला देणार होतात?” त्या रागावल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. काका ठाण्याला मुलासोबत चालत उतरले. मी ती डबी त्या रात्री रिकामी केली.

मदत करायची इच्छा होती, पण वस्तू कशी वापरायची ते मला माहीत नव्हतं, आणि अशी वस्तू जवळ नसलेलीच बरी. आता गोळ्या पट्टीतच असतात, नाव आणि तारीख शाबूत राहील अशा कापलेल्या. दुसऱ्याला गोळी देत नाही. ओआरएसची पुडी आहे, आणि पाण्याची बाटली बरोबर एक लिटरची आहे.

पावसाळ्याचं शहाणपण आमच्या घरात आधीपासून होतं, माझंच दुर्लक्ष झालं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा माझे चुलते ठाण्याला कंपनीत होते. फोन लागत नव्हते. कल्याण-मुरबाड रस्त्यावरचा रायत्याचा पूल उल्हास नदीच्या पाण्याखाली. ते घरी येईपर्यंत कुणालाच काही कळलं नाही. आले तेव्हा अंगावरचे कपडे चिखलाने भरलेले, पण खिशातल्या नोटा, कंपनीचं कार्ड आणि नंबर लिहिलेला कागद कोरडा ठणठणीत. धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी आणि वर रबर, एवढ्यावर त्यांनी ते जपलं होतं. हीच उल्हास नदी 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीजवळ रुळांवर आली, तेव्हा महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये हजारावर प्रवासी रात्रभर अडकले होते आणि त्यांना बोटींतून काढावं लागलं.

हे सगळं ठाऊक असताना मी मात्र महागडी पिशवी घेतली आणि ती पाण्याला दाद देत नाही असं समजून चाललो. तिच्या चेनमधून पाणी शिरलं. ओळखपत्र फुगलं, औषधं भिजली. त्याच दिवशी पायाला खरचटलेलं असताना मी तुंबलेल्या पाण्यातून चाललो. असल्या पाण्यात उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टो होतो, जखमेतून अंगात शिरतो, पाण्यातून चालून आलात तर डॉक्टरांना दाखवा, असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते. मी दाखवलं, गोळ्या घेतल्या, निभावलं. आता पिशवीत दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, निर्जंतुक गॉज आणि चिकटपट्टी असते. साधी बँडएड पावसात टिकत नाही.

एकदा तर पिशवीच लोकलच्या रॅकवर राहिली. घाटकोपरला गर्दीने मला बाहेर ढकललं आणि गाडी निघून गेली. ओळखीच्या प्रवाशाने ती उतरवून घेतली म्हणून परत मिळाली. तेव्हापासून अंगावर काय आणि पिशवीत काय, याची वाटणी पक्की केली. पिशवी गेली तरी घरी पोहोचता येईल एवढं अंगावर असलंच पाहिजे. पैसे, पास, ओळखपत्र, नंबरांचा कागद, घराची किल्ली आणि रोजची चुकवता न येणारी गोळी. बाकीचं पिशवीत. फोन अंगावरच, पण दारात उभं राहून हातात धरायचा नाही. रुळांलगत उभं राहून हातावर फटका मारणाऱ्या फटका गँगने कित्येकांचे फोन तर पाडलेच, माणसंही गाडीखाली गेली आहेत.

ही वाटणी करताना मला आजोबांची चंची आठवली. आजोबा बैल घेऊन बाजाराला जायचे तेव्हा ती त्यांच्या कमरेला असायची. कापडाची, आत चार-पाच कप्पे, वरून दोरीने गुंडाळलेली. एका कप्प्यात पान, एकात सुपारी आणि अडकित्ता, एकात चुन्याची डबी, एकात सुई-दोरा, सगळ्यात आतल्या कप्प्यात पैसे. अंधारात गाडी हाकतानाही त्यांचा हात बरोबर हव्या त्या कप्प्यात जायचा, कारण वस्तूंची जागा कधी बदलली नाही. मी मुरबाडच्या शिंप्याकडून जुन्या ताडपत्रीच्या कापडाची तशीच चार कप्प्यांची पिशवी शिवून घेतली. बोट घातलं की कळावं, म्हणून औषधांच्या कप्प्याच्या काठाला जाड शिवण मारायला सांगितली. लोकलमध्ये दिवे गेले तरी आता शोधाशोध होत नाही. डबा आणि पाणी सोडून माझं सगळं सामान आता किलोच्या आत बसतं.

शेवटची चूक वारंवार होणारी आहे. एकदा भरून ठेवलं की झालं, असं वाटतं. जत्रेतली बॅटरी गरजेच्या रात्री लागलीच नाही. उघडून पाहिली तर सेल फुटून आत पांढरा क्षार साचला होता, पत्र्या खाऊन टाकल्या होत्या. आता लहान, यूएसबीवर भारता येणारी बॅटरी आहे आणि ती अमावास्येला भारायची, हा घरचा रिवाज आहे. त्याच दिवशी पॉवर बँक भारतो, गोळ्यांच्या तारखा वाचतो, खर्च झालेले सुट्टे पैसे पुन्हा भरतो. मुलगी सोबत बसते आणि तारखा मोठ्याने वाचते.

मुरबाड-शहापूरहून रोज शहरात जाणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो, नवीन काही विकत घ्यायच्या आधी आज रात्री घरच्या दोन माणसांचे नंबर कागदावर लिहा, कागद प्लास्टिकमध्ये घाला आणि उद्याच्या शर्टाच्या खिशात ठेवा. घरातली म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलं प्रवासाला निघाली, तर त्यांच्याही खिशात ठेवा.